बिनसातबाऱ्याची जागा

आमच्या तात्यांचं अर्धं आयुष्य तारा ठोकण्यात गेलं. तात्या म्हणजे माझ्या वडलांचे चुलतभाऊ. पुण्याला तार ऑफिसात होते. आधी कडकट्ट कडकट्ट, नंतर टेलिप्रिंटर. १९९६ साली अठ्ठावन्न भरली, रिटायर झाले आणि काकूंना घेऊन गावी आले.

गावी म्हणजे नव्या गावठाणात. जुनं गाव भीमेच्या काठाला होतं. मी दहावी झालो आणि उजनीच्या धरणाचं पाणी आलं. शाळा सुटली ती सुटलीच. घरांची लाकडं, पत्रे, देव, जनावरं घेऊन आम्ही माळावर आलो. १९८० साली धरण पुरं झालं, तोवर आमच्या वेशीवर पुरुषभर पाणी होतं.

तात्यांच्या पोरानं, तो पुण्यात नोकरीला, २००० साली आपला जुना कॉम्प्युटर गावी आणून ठेवला. म्हातारा पत्ते खेळेल, वेळ जाईल, एवढाच त्याचा हिशोब. गावात वीज चार तास असायची आणि आठ तास नसायची. तात्यांनी पत्ते एक आठवडा खेळले. मग एका रविवारी पोरानं त्यांना तालुक्याला नेऊन इंटरनेट दाखवलं. परत आले ते वेगळेच माणूस होऊन.

मला म्हणाले, "बाळ्या, अमेरिकेत एक ठिकाण आहे, जिओसिटीज. तिथं फुकट जागा देतात. पंधरा एमबी. आपलं काय लिहायचं ते लिहा, जगात कुणीही वाचील."

"फुकट कशी काय देतात?"

"वर जाहिरात लावतात. लावू दे. सातबारा तर मागत नाहीत!"

तात्या हे बोलून खदाखदा हसले. मलाही हसू आलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या माणसांना सातबाऱ्यावर हसायला फार वेळ लागत नाही.

पुढचे सहा महिने तात्या शिकत होते. एक इंग्रजी पुस्तक पोराकडून मागवलं. दुसऱ्यांची पानं उघडून ती आतून कशी लिहिली आहेत ते बघायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. मला एकदा समजावलं. मजकूर ठळक करायचा तर त्याच्या आधी एक खूण टाकायची आणि संपला की मिटवायची खूण टाकायची. मिटवायला विसरलात तर खालचं सगळं पान ठळक होऊन बसतं. मी म्हणालो, "म्हणजे दारं धरल्यासारखंच की. वाफा भरला अन् दारं मिटवलं न्हाई, की पाणी शेजाऱ्याच्या रानात." तात्यांना ते इतकं पटलं, की पुढं जो भेटेल त्याला तसंच सांगायचे.

गावात फोन होता, पण इंटरनेट लावायचं तर तालुक्याला ट्रंक लावल्यासारखा खर्च. म्हणून पान घरी तयार करायचे, फ्लॉपीत भरायचे, फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी जेवणाच्या डब्याशेजारी, आणि सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या कॅफेत. तासाला पन्नास-साठ रुपये पडायचे. कधी लाइन लागायची नाही, कधी एसटीच्या इंजिनाजवळच्या उन्हानं फ्लॉपी खराब व्हायची. तात्या संध्याकाळी तसेच परत यायचे. काकू म्हणायच्या, "बाजाराला गेलं तर माणूस कोथिंबीर तरी आणतं."

पान कशाचं, तर जुन्या गावाचं. कुणाचं घर कुठं होतं, बारव कुठं, पार कुठं, होड्या कुठं लागायच्या. आणि शिवारातल्या प्रत्येक रानाचं नाव. खालची मळई, चिंचेचं वावर, म्हसोबाचा माळ, भुताची ताल. ही नावं सरकारी दप्तरात नव्हती. तिथं नुसते गट नंबर. नावं फक्त माणसांच्या तोंडात होती आणि ती माणसं एकेक करून चालली होती. ह्या कामाची घाई तात्यांना का होती ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, पेन्शन येतेय, म्हाताऱ्याला उद्योग नाही.

नावं सांगणार कोण? तात्या तर पोरवयातच पुण्याला गेलेले. शिवाराचा खरा जाणता म्हणजे माझे वडील, आबा. आणि आबा जुन्या गावाबद्दल तोंड उघडत नसत. पाणी आल्यापासून तिकडं तोंड करून बसतसुद्धा नसत. तात्या वही घेऊन आले, की आबा म्हणायचे, "पाण्याखाली गेलं ते गेलं. कशाला उकरतूस?"

एकदा तात्यांनी आबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पानावर वर एक हलतं चित्र लावलेलं होतं, फावडं घेऊन खोदणारा माणूस. पान अजून पुरं झालं नाही, काम चालू आहे, असं सांगायला तेव्हा सगळेच ते चित्र लावायचे. आबांनी ते बराच वेळ बघितलं.

"ह्यो कोण खोदतोय?"

"दादा, काम चालू आहे असा अर्थ."

"धरणाचं अजून चालूच हाय व्हय?"

तात्यांनी दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन ते चित्र काढून टाकलं.

मग एका रात्री लाइट गेलेली, आम्ही तिघं अंगणात. कशावरून विषय निघाला आठवत नाही. आबांनी आपणहून सुरुवात केली. वेशीपासून निघाले आणि बांधाबांधानं चालत गेल्यासारखे नावं सांगत गेले. कुणाचं रान, त्यात काय पिकायचं, कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ, कुठला बांध कुणी कोरला. तात्या कंदिलाच्या उजेडात लिहीत होते. रात्री एक वाजला. नदीपर्यंत पोचले आणि आबा उठून आत गेले.

ते सगळं पानावर चढलं. तात्यांचं लिहिणं तारेसारखं होतं. शब्दाला पैसे पडतात ही सवय. 'चिंचेचं वावर. काळी जमीन. शाळू उत्तम. चिंच ७२ च्या दुष्काळात वाळली.' बास. गावाचा नकाशा त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र काढून जोडला. शेवटी पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही होती. तिच्यात मस्कतला कामाला असलेल्या एकानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, आमचं पण गाव त्याच पाण्यात आहे, आमच्या विहिरीचं नाव पण लिहा. तात्यांनी त्याची विहीर लिहिली. पान किती वेळा उघडलं ते मोजणारा आकडा खाली होता. तो चारशेच्या पुढं गेला तेव्हा तात्यांनी पेढे आणले. त्यातले तीनशे तात्या स्वतःच असणार, पण कुणी बोललं नाही.

२००६ ला आबा गेले. २००८ ला तात्या गेले. २००९ च्या ऑक्टोबरात ती जिओसिटीजच बंद झाली. मालक कंपनीनं आधी कळवलं होतं म्हणतात, पण कळवलं असेल ते तात्यांच्या ईमेलवर, आणि त्याचा पासवर्ड तात्यांबरोबर गेलेला. पोराला समजलं तेव्हा पान नव्हतं. कॉम्प्युटर भंगारात दिलेला. फ्लॉप्या काकूंनी शेजारच्या पोरांना खेळायला दिलेल्या. वही वाळवीनं खाल्ली.

मला त्या दिवशी तात्यांचं ते हसणं आठवलं. सातबारा मागत नाहीत! मागत नाहीत म्हणजे जागा तुमची नाही. पण सातबारा असून तरी आमचं काय राहिलं होतं? एकच गाव दोनदा बुडालं. पहिल्या वेळेला निदान नोटीस हातात पडली होती. दुसऱ्या वेळेला दोष मी दुसऱ्याला देणार नाही. मी त्या अंगणात बसलो होतो. दहावीपर्यंत शिकलो होतो, हातात पेन धरता येत होतं, आणि मी एक नाव लिहून घेतलं नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली. पळसदेवचं देऊळ उघडं पडलं, ते बघायला लोकांच्या गाड्या लागल्या. आमच्या जुन्या गावाची जोतीही वर आली. त्याच मे महिन्यात तात्यांच्या नातवाचा फोन आला. "काका, आजोबांचं पान सापडलं."

अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह म्हणून एक संस्था आहे. ती १९९६ पासून दुनियेतल्या पानांच्या नकला करून ठेवते. त्यात तात्यांच्या पानाची नक्कल होती. पण नातू लॅपटॉप घेऊन आला आणि बघतो तर सगळी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, काही अर्थ लागेना. त्यानं समजावलं, की तेव्हा मराठी आजच्यासारखं टाइप होत नव्हतं. इंग्रजीच्याच अक्षरांवर मराठी वळण चढवलेला फॉन्ट असायचा. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर खिचडी. मनात म्हटलं, तारमास्तरच तो, जाताना सांकेतिक भाषेत लिहून गेला.

नातवानं दोन दिवस खटपट करून तो जुना फॉन्ट मिळवला, चढवला, आणि खिचडीतून एकदम वर आलं, 'चिंचेचं वावर. काळी जमीन. शाळू उत्तम.' मला समोरचं दिसेना झालं. नकाशा मात्र आला नाही. चित्रं साठवली गेली नव्हती, त्या जागी नुसती रिकामी चौकट.

म्हणून आम्ही कागद छापून घेतले आणि भेगाळलेल्या गाळातून चालत जुन्या गावात गेलो. वेशीपासून सुरुवात केली, आबांनी केली होती तशी. नातू वाचायचा आणि मी बोट दाखवायचो. नदीकडं आलो तेव्हा तो थांबला. म्हणाला, "काका, इथं आजोबांनी लिहिलंय, 'दादाचं रान. नाव विचारलं. सांगितलं नाही.'"

त्या रात्री आबांनी सबंध शिवार सांगितलं आणि स्वतःचं रान सांगितलं नव्हतं. मी तिथं होतो आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तारमास्तराच्या आलं.

ते रान माझ्या आज्यानं घेतलं होतं, आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडून. म्हणून सगळा गाव त्याला पुतळ्याची पट्टी म्हणायचा. ती माळ परत करून देईन असं आजा आजीला म्हणाला होता. तो गेल्यावर तेच आबा म्हणायचे. मग पाणी आलं. मोबदल्याचे पैसे नवं घर बांधण्यात आणि खाण्यात गेले. आजी मोकळ्या गळ्यानं गेली.

मी नातवाला नाव सांगितलं. त्यानं ते आता नव्या पानावर लिहिलंय, कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा मराठीत. ती जागा तरी कुणाची, मी विचारलं नाही. मी माझ्यापुरती दोनशे पानी वही आणली आणि सगळी नावं हातानं उतरवून काढली. एक प्रत पोराकडं दिली, एक लेकीकडं. आणि आता इथं लिहितो आहे.

पुतळ्याची पट्टी. अडीच एकर. मळईची जमीन. गहू उत्तम.