भात तोच, ताट वेगळं

कोकणातलं साधं जेवण कुणाला जाड करत नाही, असं मी अनेक वर्षं ठामपणे सांगत आले. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कुळथाचं पिठलं, सोलकढी. आमच्या आज्या हेच जेवल्या आणि म्हातारपणीही जयगडच्या बंदरावरून सड्यापर्यंत चढून गेल्या. मग वजन उतरवायला ताटात काही बदलायचं कशाला? आज मला हे पटत नाही.

आजीचा दिवस नीट आठवून पाहिला तेव्हा ते मत डळमळलं. पहाटे ती जात्यावर नाचणी दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, लावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेली असायची, जळणाचा भारा डोक्यावर घेऊन यायची. दुपारी तिच्या ताटात भाताचा ढीग, त्यावर कालवण आणि एखादी तुकडी. त्या मेहनतीला तेवढा भात लागतच होता. माझ्या घरी नळ, गॅस, मिक्सर, दारात स्कूटर. कामं गेली, भाताचे डाव तेवढेच राहिले. शिवाय तिच्या ताटात कधी नव्हतं ते आलं: दिवसातून चारदा गोड चहा, त्याबरोबर खारी नि फरसाण, आणि रवा लावून तेलात सोडलेला बांगडा.

गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी टेप लावून माझी कंबर मोजली तेव्हा हे आकड्यात दिसलं. आपल्याकडे बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90च्या वर गेली की मधुमेह, रक्तदाबाचा धोका वाढतो.

म्हणून भात बंद करावा, असं मात्र मी म्हणणार नाही. भात सोडून, डब्यातली पावडर पिऊन भराभर उतरलेल्या ओळखीच्या बायकांचं वजन जेवण पूर्ववत होताच परत चढलेलं मी पाहिलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेतही वजन हळूहळूच उतरवा, आठवड्याला साधारण अर्धा किलो, असं सांगितलं आहे.

आता मी भात वाटीने मोजून घेते. उरलेल्या जागेत माठ, पडवळ, दोडका, शेवग्याचा पाला, जे परसात किंवा बाजारात असेल ते. मासा रोज तळायचा नाही, कालवणात घालायचा, आणि तुकडी एकाऐवजी दोन घ्यायच्या, कारण प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. 1 जूनला ट्रॉलर बंद झाले की कुळीथ, मूग, अंडी. सुकट फार खारट, म्हणून भिजवून पाणी टाकून द्यायचं. वाटपातलं खोबरं निम्मं केलं तर घरातल्यांनी आधी नाक मुरडलं, मग सवय झाली. गणपतीत मोदक खायचेच. त्या दिवशी भाताला हात आखडता.

हे ताट मला कायम जेवता येतं, आणि माझ्या लेखी तीच त्याची खरी परीक्षा आहे.

एक विनंती मात्र मनापासून. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. भात उतरला आणि औषध तेवढंच राहिलं, तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.