आयसिंगचा रंग आणि जिभेचा लगाम

चि. अनघास,


यापुढे केकच्या आयसिंगला बाजारचा रंग घालायचा नाही, असं तू ठरवते आहेस. गिऱ्हाइकाला त्याचं कारण काय सांगावं, असंही विचारतेस. ‘केमिकल रंग म्हणजे विष’ एवढं मात्र सांगू नकोस. लोकांना ते पटकन पटतं, पण पुराव्यावर टिकत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठाचा जो अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्याचा दाखला सगळे देतात. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं, तेव्हा त्यांचा चंचलपणा वाढलेला दिसला. पण ही वाढ थोडी होती, सगळ्या मुलांत सारखी नव्हती आणि मिश्रणातल्या कोणत्या घटकामुळे ती झाली, हेही त्यातून कळत नव्हतं. युरोपने २०१० पासून त्या अभ्यासातल्या सहा कृत्रिम रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापणं सक्तीचं केलं. त्यांतले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो हे चार आपल्याकडे परवानगी असलेल्या आठ रंगांत आहेत. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसिन या रंगाची परवानगी काढून घेतली, तीही उंदरांवरच्या प्रयोगांच्या आधारे. यावरून सावध राहावं एवढं ठरतं, जास्त नाही. शिवाय ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हे उलट टोकही खोटंच. फ्रेडरिक ॲकमने १८२० साली लंडनमध्ये अन्नभेसळीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तिथल्या मिठाईला विषारी हिंगुळाने लाल रंग देत असत, आणि हिंगूळ तर थेट खाणीतून निघतो. किड्यांपासून काढलेला कार्माइनही नैसर्गिकच. तुझ्या शाकाहारी गिऱ्हाइकांना तो चालेल का, विचारून पाहा.

खरं कारण मला वेगळं वाटतं. कृत्रिम रंगाला सहसा जाणवेल अशी चव नसते, म्हणून तो घालणाऱ्या हाताला थांबवणारं फारसं काही उरत नाही. आपल्या कायद्याने तयार पदार्थात या रंगांची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे किलोभर आयसिंगमध्ये शुद्ध रंग जेमतेम चिमूटभर. पण जेल रंगाच्या बाटलीत शुद्ध रंग किती आणि ग्लिसरीन-साखर किती, हे घरी कोण मोजणार? माप म्हणून हाती राहतो तो फक्त डोळा. त्यात फेटलेलं क्रीम हवेच्या बुडबुड्यांमुळे आणि चरबीच्या कणांमुळे मुळातच पांढरंशुभ्र असतं, त्यामुळे गर्द लाल गुलाब किंवा शाळेच्या पाटीसारखा काळा रंग हवा असेल तर ओततच राहावं लागतं. बीटाचं तसं नाही. त्याचा रंग गडद व्हायच्या आधीच मातकट चव वर येते. हळद कडवटते, पालकाचा उग्रपणा लपत नाही. रंग आणि चव एकाच चमच्यातून येतात, म्हणून डोळ्याची हाव जिभेपाशी अडते. लोक ज्याला नैसर्गिक रंगाचा दोष म्हणतात, तोच मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

‘पण रंग फिके दिसतात’ हा आक्षेप खरा आहे. मात्र फिकेपणा आणि मळकटपणा यांत फरक आहे, आणि मळकटपणा बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतो. जांभूळ, कोकम, लाल कोबी, गोकर्ण यांच्यातली रंगद्रव्यं आंबटात लाल-जांभळ्याकडे झुकतात आणि आंबटपणा गेला की निळसर होतात. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो, म्हणून त्याच्या रॉयल आयसिंगमध्ये जांभळाचा रस राखाडी पडतो. लिंबाचे थेंब घातले की पुन्हा उजळतो. गोकर्णाचं उलट: दुधात तो छान निळा राहतो, लिंबू पडलं की जांभळा. कोकम आंबट आयसिंगलाच शोभतं, आणि तिथेही आगळ नको, त्यात मीठ असतं; साखरेत मुरलेला कोकमाचा अर्क घे. हळदीला सोडा लागू देऊ नकोस. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच तुझ्या पिवळ्या फुलांचं होईल. आणि कोणताही रस थेट बटरक्रीममध्ये ओतलास तर ते फाटेल. रस आटवून घट्ट कर, नाहीतर वाळवलेल्या बीटाची वस्त्रगाळ पूड वापर. हळदीचा रंग स्निग्ध पदार्थात विरघळतो, म्हणून तिला आधी कोमट लोण्यात मुरू दे. उजेडात ती विटते, तेव्हा पिवळा केक खिडकीत मांडून ठेवायचा नाही.

आणखी एक आक्षेप चाणाक्ष गिऱ्हाईक घेईल: वर्षातून एकदा वाढदिवस, त्यात चमचाभर रंगीत क्रीम, एवढ्याने काय होतंय? एकट्या केकने काहीच होत नसेल. पण त्याच दुपारी जेली, गोळ्या आणि रंगीत सरबतही असतं, आणि प्रत्येक जण आपलं तेवढंच म्हणून सुटतो. तुझ्या हातात फक्त तुझा केक आहे, तेव्हा हिशेबही तेवढ्याचाच दे. त्याला आरोग्यदायी मात्र म्हणू नकोस. बटरक्रीममध्ये लोण्याच्या दुप्पटसुद्धा साखर पडते; बीट घातल्याने ती कमी होत नाही.

फोटो दाखवून ‘अगदी असाच गर्द लाल हवा’ म्हणणाऱ्यांना होत नाही म्हणून सरळ सांग. आयसिंग पांढरं ठेवून वर डाळिंबाचे दाणे देता येतील, काळ्यासाठी डार्क चॉकलेट आहेच. रस आटवण्यात वेळ जातो, त्याचे पैसे दरात धर आणि ऑर्डर घेतानाच बोलून टाक. निळ्या केकच्या ऑर्डरीला आदल्या दिवशी थोड्या क्रीममध्ये गोकर्ण घालून छटा दाखव. तुझ्या क्रीमला आंबूस फ्लेवर असेल तर तो निळा राहणार नाही.

तुझी,
मावशी