बारा फोटोंचा कॅमेरा

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी कॅमेरा शोधत होते, आणि तोही रोल घालायचा! पुतण्याने विचारलंच, "काकू, फोनचं काय बिघडलंय?"

काहीच नाही. फोनमध्ये आमच्या माईंचे, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचे, शेदोनशे फोटो असतील. पण प्रत्येकात त्या काहीतरी वाढताहेत, निवडताहेत, नाहीतर "पुरे रे" म्हणून हात आडवा धरताहेत. माई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. फोटोसाठी म्हणून त्या निवांत बसल्यात, असा एकही फोटो घरात नाही. आमच्याकडे बायकांचा फोटो मोठा होतो तो त्या गेल्यावर, कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून. हार घातला तरी कडेला शेजारणीचा अर्धा खांदा दिसतच राहतो. माईंचं तसं होऊ नये, एवढंच मनात होतं.

शाळेत असताना स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचं काम माझ्याकडे असे. बडोद्याला बनलेला अॅग्फा क्लिक थ्री होता. १२० नंबरचा रोल, बारा चौकोनी फोटो. हा रोल कोडॅकने १९०१ साली आणला आणि तो आजही बनतो, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याची चौकोनी निगेटिव्ह साधारण साडेपाच सेंटिमीटरची, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीनपट मोठी. फोटो भिंतीएवढा केला नाही तरी हातभर केला, तर सुरकुती सुरकुतीच राहते, तिचे दाणे होत नाहीत. पण क्लिक थ्री पडला साध्या काचेचा. उन्हात ठीक, माईंच्या ओसरीवरच्या सावलीत त्याचं काही चालायचं नाही.

मग शोध सुरू झाला. हॅसलब्लाड पेन्शनीत बसत नाही, तो विषयच संपला. मामिया आरबी ६७ उत्तम, पण लेन्ससकट अडीच किलोच्या वर. मला हल्ली दळणाचा डबासुद्धा जड होतो. रशियन ल्युबिटेल सगळ्यांत स्वस्त. तो डोळ्यापाशी आणला आणि कळलं, त्यात फोकस बघायला मधोमध एक छोटासा धुरकट ठिपका आहे! मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना तो झेपेना. उरला याशिका मॅट १२४जी. १९७० ते १९८६ या काळात जपानमध्ये बनलेला, दोन भिंगांचा, किलोभर वजनाचा. वरून डोकावलं की अख्खी काच फोकसला मिळते, शिवाय उघडून धरायचं छोटं भिंगही आहे. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, पण आयुष्यभर फळ्याकडे पाठ आणि वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईला त्याचं काय!

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात भाच्याबरोबर तीन दुकानं पालथी घातली. जुना कॅमेरा घेताना काय पाहायचं ते लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. मागचं झाकण उघडून भिंगातून टॉर्च मारा. आपल्या दमट हवेत कोळिष्टकासारखी बुरशी धरते. शटर एक सेकंदावर लावून ऐका. जुनं वंगण घट्ट झालं की ते मध्येच रेंगाळतं. रोल ओढायची दांडी अडकता कामा नये. आतलं प्रकाशमापक मात्र बंद असलं तरी चालेल. त्याची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, आणि शटरला बॅटरी लागतच नाही. बंद मीटरवाला मला स्वस्तात मिळाला. ४०० स्पीडचा रोल असेल तर स्वच्छ उन्हात एफ १६ आणि पाचशेवा भाग सेकंद. ओसरीवर पाच टप्पे उघडायचं, म्हणजे ५.६ आणि सव्वाशेवा भाग. एवढं गणित अजून तोंडी जमतं.

रोल आणि धुलाई मिळून मला एका फोटोला सव्वाशे रुपये पडणार आहेत. महाग आहे, नाकारत नाही. पण कॅमेरा निवडताना शेवटी मला पटलं ते वेगळंच. फोनने फोटो काढताना आपण समोरच्यावर हात उगारल्यासारखे उभे असतो, म्हणून माई हात आडवा धरतात. या कॅमेऱ्यात फोटो काढणाऱ्याला पोटाशी धरून मान खाली घालावी लागते. जन्मभर सगळ्यांनी ज्यांच्याकडून वाढून घेतलं, त्यांच्यापुढे कुणीतरी घटकाभर मान खाली घालून उभं राहावं, हे मला आवडलं.

पहिला रोल अंगणातल्या पारिजातकावर खर्च करणार, हात बसायला. दुसरा माईंचा. दिवाळीनंतर उन्हं तिरपी होतात, तेव्हा वाईला जाईन. फोनवर त्यांना सगळं सांगितलं. "बाराच फोटो आहेत माई, उठून स्वयंपाकघरात जायचं नाही."

थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, कुठली साडी नेसू?"

तुमच्या माळ्यावर असा एखादा कॅमेरा पडला असेल, तर भंगारात द्यायच्या आधी एकदा शटर वाजवून बघा. आणि घरात फोटोला न बसलेलं कोण आहे, तेही आठवून बघा.