साहेब कोणाचे?

परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना विचारलं, "सरकारी अधिकारी म्हणजे कोण?" चौथीतला एक जण पटकन म्हणाला, "ज्यांच्यासमोर बाबा चप्पल काढून उभे राहतात ते!" वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

मग मुलांना जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी गावाचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे वंशपरंपरेने चालायचा. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं, 1962 च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली. दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. आता डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाईलवर मिळतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणं हा आपला हक्क झाला. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

फळ्यावर 'लोकसेवक' हा शब्द लिहिला आणि हात थांबला. आदल्याच आठवड्यात, ऐन भातलावणीत, एक आई चिखलाच्या पायांनी बोनाफाईड मागायला आली होती. मी माहिती भरण्यात गुंतले होते. "उद्या या," म्हटलं. कामाचा खाडा करून बिचारी पुन्हा आली. दाराबाहेर चप्पल काढून उभी राहिली.

कोळवणच्या त्या आईसाठी 'साहेब' मीच होते की!

आता टेबलासमोर पालकांसाठी एक खुर्ची ठेवली आहे, आणि दाखला त्याच दिवशी देते. शिक्षक मित्रांनो, नागरिकशास्त्र मुलं पुस्तकात नंतर वाचतात. आधी ती आपल्याला बघतात.