बाबू, तुझी ट्रंक भरताना



दिवाळी सरली की जत्रा सुरू होतील आणि तू पहिल्यांदाच दशावतार कंपनीबरोबर बाहेर पडशील, तेही स्त्रीपार्टी म्हणून. म्हणून तुझी ट्रंक मीच भरली.

तळाला हिरवा शालू आहे. वहिनीच्या लग्नातला. कापड विरलं होतं, पण काठ शाबूत होते. ते उसवून नव्या साडीला लावले, चार रात्री गेल्या. बाजारातली झगमगती लेस लावली असती तर तासाभरात झालं असतं. पण मशालींच्या काळात हलत्या ज्योतीत जी जर लकाकायची, ती आताच्या हॅलोजनच्या उजेडातही सौम्य दिसते. चमकी मात्र डोळ्यांत खुपते. शिवाय आपल्या खाऱ्या दमट हवेत नकली जर दोन पावसाळ्यांत काळी पडते. घामाचा कपडा ट्रंकेत कोंबू नकोस. सावलीत वाळव, मलमलीत गुंडाळ.

बालगंधर्वांनी 1913 मध्ये कंपनी काढली, तेव्हापासून भरजरी शालूंवर पाण्यासारखा पैसा ओतला. त्यांची नाटकं थाटाच्या नाट्यगृहात व्हायची. आपलं नाटक देवळाच्या पुढ्यात होतं, आणि तुला ठाऊक आहे, आपल्याकडे म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा.’ जे डोक्यावरून वाहायचं, ते हलकं आणि टिकाऊच हवं.

गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या पोरांनी शहरातून भाड्याने पोशाख आणले. सगळे टीव्हीवरच्या मालिकेतले. इंद्र कुठला नि राक्षस कुठला, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना कळेना. मला फार वाईट वाटलं. आपल्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे सुचतात. मग माणूस बोलण्याआधी तो कोण, हे कपड्यानेच सांगायचं असतं. आपला राक्षस संकासूर येतो तो काळ्या वेषात, तोंडाबाहेर लाल जीभ लोंबलेली, आणि पोरं आईच्या मागे दडतात. मालवणीत तो टर उडवायला लागतो, ते त्यानंतर. तुझ्या राणीचंही तसंच व्हायला हवं. विधवा झाली की पदराचा रंग बदलायचा, वनवासाला निघाली की दागिने उतरवायचे. म्हणून साधी भगवी साडी वेगळी ठेवली आहे. ती विसरू नकोस, शालूपेक्षा तिचीच गरज जास्त रात्री पडेल.

2025 मध्ये ‘दशावतार’ सिनेमा आल्यापासून मुंबईची माणसंही विचारतात, हे कपडे मिळतात कुठे? मी सांगते, घराघरांतल्या जुन्या पेट्यांत.

रंग लावण्याआधी कंपनीच्या पेटाऱ्यातल्या गणपतीला हात जोड. निऱ्यांना आतून टाका घाल, युद्धात सुटतात. काळा आणि लाल दोरा, सुया, चार सेफ्टी पिना तुझ्या गंगावनाच्या डब्यात आहेत. अंबाडा मात्र अजून बसवायचा राहिला. रविवारी ये, डोक्याचं माप घेते.

तुझी आत्या