संकटकाळची ठेव

बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांची शिल्लक जुळवणाऱ्या माणसाने स्वतःची शिल्लकही अधूनमधून तपासावी, हे मला सायकलीने शिकवले.

चाळिशी उलटल्यावर पोटाच्या काळजीने मी माउंटन बाइक घेतली. सीटखालच्या पिशवीत जादा ट्यूब, पाने, टायर लीव्हर, पंक्चरचे सोल्यूशन असा सगळा ऐवज कोंबला. खडबडीत रस्त्यावर पिशवी अशी खुळखुळे, की घंटी न वाजवताच लोक बाजूला होत!

एका रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी मागचे चाक पंक्चर झाले. चिरंजीवांसमोर ऐटीत पिशवी उघडली. चेन उघडीच होती; सोल्यूशन वाटेतच कुठेतरी पडलेले! जादा ट्यूब घातली, पंप मारला, तर फुस्स! पान्याने घासून घासून तिला वापरण्याआधीच भोक पाडले होते. संकटकाळची ठेव संकटाआधीच बुडाली. तीन किलोमीटर सायकल ढकलताना चिरंजीव चकार शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

घरी सौभाग्यवतींनी माझा जोडीदार हरवलेला मोजा पुढे केला. आता ट्यूब मोज्यात, पाने फडक्यात गुंडाळलेले आणि वरून पट्टा आवळलेला. पिशवीचा आवाज बंद झाला.

चिरंजीवांचा मात्र सुरू झालाय. निघताना दर रविवारी विचारतात, "बाबा, शिल्लक तपासली?"