मधल्या प्रदेशाकडे

शाळामास्तराच्या प्रवासाचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही. तो सुट्ट्यांच्या परिपत्रकात शोधावा लागतो. आमच्याकडे लांब सुट्ट्या दोनच, उन्हाळ्याची आणि दसऱ्याची. यंदा स्पितीचा विचार सुरू झाला आणि नकाशासोबत ते परिपत्रकही टेबलावर आले.

स्पिती हे हिमाचल प्रदेशातील, तिबेटच्या सरहद्दीला लागून असलेले एक खोरे. त्याचे मुख्य ठिकाण काझा सुमारे 3,650 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. मोसमी पाऊस हिमालयाच्या दक्षिण उतारांवर रिता होतो. पलीकडे पोचतो तो जेमतेम शिडकावा. म्हणून तिथे झाडी नाही, मातीची सपाट छपरे आहेत, आणि बर्फाचे पाणी पाटांनी आणून वर्षातून एकदाच पिकवलेले जव आणि मटार आहेत. चार महिने छत्री न मिटणाऱ्या बेळगावच्या माणसाला हे ऐकूनच नवल वाटते. ‘‘पैसे खर्चून उजाड डोंगर बघायला जायचे?’’ हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत मला तीनदा तरी विचारला गेला.

त्याचे उत्तर मला एका शब्दात मिळाले होते. स्पिती या नावाचा अर्थ ‘मधली भूमी’ असा सांगतात. भारत आणि तिबेट यांच्या मधली. आपण सीमेवरची माणसे. ‘तुम्ही नक्की कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला नेहमी दोन वाक्यांत द्यावे लागते. ज्या खोऱ्याने हे ‘मधले’पण नावातच घेतले आहे, ते एकदा डोळ्यांनी पाहावे असे वाटले.

आणि त्या खोऱ्यात ताबो आहे. इ. स. 996 मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून पाहिला तर मातीच्या जाड, ओबडधोबड भिंती. आत भित्तिचित्रे आणि रंगवलेल्या मृण्मूर्ती. त्याला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. या मठाशी नाव जोडले जाते ते रिन्चेन झांगपो याचे. तो राजा नव्हता की सेनापती. तो होता ‘लोचावा’, म्हणजे भाषांतरकार. काश्मीरला जाऊन तो शिकला आणि संस्कृतातले ग्रंथ त्याने तिबेटी भाषेत नेले. भारतात पुढे अनेक मूळ पोथ्या नष्ट झाल्या, पण तिबेटी भाषांतरांत त्यांतील कितीतरी टिकल्या. भाषांतरकाराचे नाव एवढ्या आदराने जपणारा मुलूख एका भाषाशिक्षकाला तीर्थक्षेत्र वाटला, तर त्यात नवल नाही.

हा बेत मुळात दोघांचा. माझे शेजारी आणि जुने स्नेही, निवृत्त कन्नड शिक्षक, हे दुसरे. त्यांना मी ‘सर’ म्हणतो, तेही मला ‘सर’च म्हणतात. संध्याकाळी गच्चीवर बसून मी मराठी कविता वाचावी, त्यांनी वचने म्हणावीत, आणि मग एकमेकांच्या ओळी आपापल्या भाषेत बसवताना दोघांनीही हरावे, असा आमचा वीस वर्षांचा नेम. लोचावाची गोष्ट मी सांगितली तेव्हा ते म्हणाले होते, ‘‘हा तर आपल्या धंद्यातला माणूस!’’ गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. प्रकृती सुधारली, पण बारा हजार फुटांचे नाव काढताच डॉक्टरांनी मान हलवली. त्या उंचीवर दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. इथे आग्रहाला जागाच नव्हती.

त्यांनी मात्र बेतातून अंग काढले नाही. मार्ग आखला तो त्यांनीच. मनालीकडून 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून वाट सोपी झाली आहे. पण मनाली दोन हजार मीटरवर, आणि एका दिवसात साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडून काझा गाठायचे. पन्नाशी उलटलेल्या शरीराला हा हिशेब परवडणारा नाही. शिवाय ही खिंड हिवाळाभर बंद असते आणि मे महिन्यात उघडेलच असे नाही. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी बाद, पुढच्या वर्षीची दसऱ्याची पक्की. आणि वाट सिमल्याची, पायरीपायरीने चढणारी.

गोवा एक्सप्रेसने दोन रात्रींत दिल्ली. तिथून कालका, आणि 1903 साली सुरू झालेल्या छोट्या रुळांच्या गाडीने सिमला. पुढे बसने सराहन, मग कल्पा. कल्पा तीन हजार मीटरच्या आतच आहे, म्हणून तिथे दोन रात्री. खाबजवळ स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वर नाको लागते. नाको ताबोपेक्षा उंच, म्हणून तिथे नुसते जेवायचे आणि उतरून ताबोला मुक्काम करायचा. उंचावर फिरावे, झोपावे त्याहून खाली, हा नियम सरांनी लाल शाईने लिहून ठेवला आहे. ताबोला दोन दिवस, काझ्याला तीन. तिथूनच की मठ, किब्बर आणि हिक्किम हिंडून यायचे. किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून दोन दिवस राखीव. एकूण एकोणीस. सुट्टीत ते मावत नाहीत. त्यामुळे इतकी वर्षे इतरांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करणाऱ्या मला आता स्वतःचा अर्ज लिहायचा आहे.

सौभाग्यवतींनी येण्याचे मान्य केले आहे, ते लोकरीच्या कपड्यांची आणि मेतकुटाची यादी स्वतःच्या हाती ठेवून. मी रोज पहाटे चार किलोमीटर चालतो. परतताना सर फाटकापाशी उभे असतात आणि किती वेळ लागला ते विचारतात. त्यांना स्वतःला डॉक्टरांनी अर्धा तास सपाटीवर चालायची परवानगी दिली आहे.

एकदा मी म्हणालो, ‘‘सर, ताबोच्या मंदिरात फोटो काढू देत नाहीत. तुम्हाला दाखवायला काही आणता येणार नाही.’’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बरेच झाले. फोटो आणला असतात तर मी दोन मिनिटांत पाहून परत दिला असता. आता तुम्हाला बसून सगळे सांगावे लागेल. तुम्ही मराठीत सांगा, मी कन्नडमध्ये लिहून घेतो. होगी बर्री, सर.’’

हिक्किमला साडेचौदा हजार फुटांवर एक टपाल कार्यालय आहे. तिथून त्यांना पत्र टाकायचे, हे मी यादीत शेवटी लिहिले आहे. ते मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये लिहायचे, हे मात्र त्यांना अजून सांगितलेले नाही.